आगरातलं पाणी

रजा बुडणार होती म्हणून घेतली,
हे आधीच सांगून टाकते.
मन:शांती वगैरे काही डोक्यात नव्हतं.
म्हापशाचं वीज खातं, काउंटर नंबर तीन,
एकवीस वर्षं.
कुंकळकर साहेब म्हणाले, नऊ दिवस वर जातायत,
घ्या, नाहीतर गेले.
इनासिया म्हणाली, जा गो, मी बघते तुझी रांग,
आणि माझा रबरी शिक्का
आपल्या ड्रॉवरात टाकून तिनं किल्ली फिरवली,
जशी मी रात्री येऊन तो पळवणार होते.

आगरवाड्याला उर्मीचं घर.
मागच्या दाराशी काजू, मग बांध,
बांधापलीकडे मिठागरं,
आणि अगदी शेवटी, उन्हात नीट न दिसणारी शापोरा.
पहिल्या दिवशी मी तिच्या मसाल्याच्या बरण्या पुसल्या.
दुसऱ्या दिवशी दुकानाच्या वहीतली बेरीज तपासून
सतरा रुपयांची चूक काढली.
तिसऱ्या दुपारी सोप्यावर आडवी झाले
तर उजवा हात आपोआप उठायचा,
आपटायचा, उठायचा.
उर्मीनं विचारलं, काय गो, डास?
मी म्हटलं, हो.

चौथ्या दिवशी बांधावर गेले.
न्हानू लांब दांड्याची फळी घेऊन
वाफ्याच्या कडेला उभा, नुसता.
डोक्यावर ओला पंचा,
टाचा मिठानं खाल्लेल्या.
काय करतोस?
काही नाही. पाणी घेतलंय आत.
आता हात लावायचा नाही त्याला.
ढवळलं की मीठ धरत नाही,
माती येते हातात.
किती वेळ?
त्याला लागेल तेवढा.

मला लाज वाटली.
ह्याचा मे म्हणजे पाठीवर ऊन, टोपल्या, ढीग,
वर भाव पाडणारा दलाल,
आणि मी पगारी रजेवर, पंख्याखाली,
मानकुरादाची बाठ चोखत.
तसं बोलूनही दाखवलं.
तो हसला. म्हणाला, आमचा मे आषाढात येतो.
आगर बुडालं की आम्ही पण बुडतो,
पंधरा दिवस घोरतो, बायको भांडी आपटते.
ज्याचा मे त्याला, बाये.
आला की फुकट घालवू नये.

त्या दुपारी पेज,
तोरांचं लोणचं, भाजलेला सुका बांगडा.
न्हिद गो आता, असं कुणीतरी म्हणालं,
उर्मी असेल, नाहीतर तिची सासू.
मी झोपले.
कौलांतल्या काचेतून पडलेला उन्हाचा तुकडा
माझ्या पायांवरून चढून भिंतीला लागला,
त्याची पावती कुणी फाडली नाही.
जाग आली तेव्हा गालावर चटईची नक्षी,
वार कुठला ते आठवेना.
हात शेजारी पडला होता,
माझाच, थोडा जुना,
अंगठ्यावरचा शाईचा डाग पुसट झालेला.

उरलेल्या पाच दिवसांत
सांगण्यासारखं काहीच झालं नाही.
एकदा कोंबडी विहिरीत पडली, काढली.

दहाव्या दिवशी रांग दारापर्यंत.
इनासियाच्या हातात मी पुडी ठेवली,
न्हानूचं मीठ, जाड, करडं, अजून ओलसर.
तिनं एक खडा जिभेवर धरला,
समोरचा माणूस सुट्टे पैसे पुढे करून उभा,
आणि हिचे डोळे मिटलेले.
मग म्हणाली, माझ्याही सात रजा पडून आहेत गो,
पण इथलं कोण बघणार?
मी हात पुढे केला.
दे शिक्का.
तिनं खूप वेळ घेतला, पण दिला.

माझ्या ड्रॉवराला कुलूप नाही,
हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही.