शून्य शिकवताना

रॉदरहॅमच्या शेडमध्ये सकाळी सहाला
पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरलेलं.
वर ती उभी, पिवळ्या पोटावर काळा आकडा:
१० टन.

मी हुकाला आधी काहीच लावत नाही.
शून्य शिकवावं लागतं अगोदर.
रिकामा हुक, पट्टे, दोराचं स्वतःचं वजन
सगळं वजा करून सेलला सांगायचं, हे धरू नकोस.
मग अडीच टनांचे ठोकळे, एकावर एक,
कडा झिजलेले, रंग उडालेले,
आणि पडद्यावर आकडा जरा डळमळून टेकतो
जसा पंगतीत उशिरा आलेला पाहुणा.

नव्वद टक्क्यांना पिवळा दिवा.
एकशेपाचला भोंगा, वर जाणं बंद.
खाली येणं मात्र चालू ठेवायचं, कायम;
ओझं उतरवायला कुणाची परवानगी लागू नये.

ऑग्डनसाहेब येतात, हातात चहाचा मग.
"एकशेवीस ठेव गं. बारा टन ही हसत उचलते."
त्यांचं इथे वजन आहे.
सेलवर ते उमटत नाही.

जुन्या पेटीतल्या नोंदी मी उतरवून घेते.
दहा. नऊ सहा. दहा एक. पानंच्या पानं.
मग फेब्रुवारी, रात्री दोन चाळीस:
बारा पूर्णांक आठ. बायपास चालू.
चालक क्रमांक सात.

बायपासची चावी कुणाच्या खिशात असते
हे त्या पेटीला कुणी विचारलं नव्हतं.

सात म्हणजे एल्विन. निवृत्तीला आठ आठवडे.
शिडी उतरून तो माझ्या मागे उभा राहतो, चष्मा पुसत.
"पुसता येतं का ते?"
"येतं. एक बटण."
तो बराच वेळ त्या ओळीकडे बघतो.
"दोर गात होता त्या रात्री," म्हणतो,
"नंतर बदलला का गं तो?"

मी रजिस्टर उलटते. मार्च. एप्रिल. मे.
दोराच्या रकान्यात फक्त तेल घातल्याच्या सह्या.

मग मी मेन स्विच खाली ओढते, कुलूप घालते,
लाल पट्टीवर तारीख लिहिते, माझं नाव, वेळ सात वीस.
ऑग्डनसाहेबांचा आवाज ऑफिसपासूनच चढत येतो.

एल्विन चाचणीच्या ठोकळ्यावर बसून
डबा उघडतो. अर्धं सँडविच माझ्यापुढे धरतो.
मी हात पुसते आधी. ग्रीस सहजी जात नाही.