आठ तारा

ओकलंडमध्ये, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
संध्याकाळचा वर्ग. फी नाही. हीटरही नाही.
लेतेब्रहान केबलचं साल सोलते:
आत आठ तारा, दोन-दोनचा पीळ.
थुआन सर म्हणतात, पीळ उलगडा.
ती हसते. अस्मारात, लग्नाआधी,
अर्ध्या गल्लीच्या वेण्या हिनेच घातलेल्या.
उलगडणं तेवढं नवीन.

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा…
पुटपुटते, पाढ्यासारखं.
टेस्टरवर सात दिवे लागतात.
आठवा नाही.
कापते. पुन्हा सोलते.

रात्री दहाला, बँकेत, फडकं घेऊन
ती त्या थंड खोलीत शिरते
जिच्या दारावर अकरा वर्षं पाटी आहे:
हात लावू नये.
पुसता पुसता थांबते.
तिसऱ्या रांगेतली एक जोडणी
वाकून बघते.
गबाळं काम,
म्हणते, तिग्रिन्यात.