चादर धरणारा

भुसावळात तेव्हा दोन उन्हं होती.
एक बाहेरचं, रुळांना फुगवणारं.
दुसरं बापाच्या स्टुडिओतलं, पाचशे वॉटच्या दोन दिव्यांचं.
मी नऊ वर्षांचा. माझं काम चादर धरणं.
पांढरी, नीळ दिलेली,
गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली तिरकी धरायची
म्हणजे उजेड उसळून तोंडावर जातो.
"अजून वर घे, भो," बाप म्हणायचा,
"सायबाले ऑस्ट्रेलियाले जायाचं हाये."

रेल्वे कॉलनीतून ते यायचे रविवारी, चर्च सुटल्यावर.
फोरमन, गार्ड, तिकीट तपासनीस, त्यांच्या फुलाफुलांच्या फ्रॉकमधल्या बायका.
एकदा हेक्टर प्रेस्कॉट, मेलचा ड्रायव्हर,
धुतलेल्या नखांतही कोळसा,
आणि दोन मुली.
डोरीन आईवर गेलेली. म्यूरियल आजीवर.
त्या आजीचं नाव घरात कुणी घेत नसे.
ती साकेगावची होती, हे मात्र
आमच्या गल्लीतल्या कोंबडीलाही ठाऊक.

अर्जाला दोन फोटो, एक समोरून, एक बाजूनं.
सोबत पणजोबाच्या बाप्तिस्म्याचा दाखला,
आणि रक्ताचा हिशेब.
रुपयात बारा आणे तरी तिकडचं हवं.
उरलेल्या चार आण्यांबद्दल
कोणी काही बोलत नसे.

एक म्हातारा गार्ड सांगायचा,
पूर्वी त्या देशात बंदरावरच श्रुतलेखन घेत.
पन्नास शब्द, युरोपातल्या कुठल्याही भाषेत.
माणूस नको असला
की त्याला न येणारी भाषा निवडायची.
बाप म्हणाला, "म्हंजे नापास कराले परीक्षा.
आमच्या लोकल बोर्डाच्या शाळेतबी व्हती."

रात्री बाप निगेटिव्हवर वाकून बसे.
काचेवर शिसपेन्सिल फिरवली
की कागदावर माणूस उजळतो.
जितकं काळं लावाल तितका गोरा.
डोरीनला काहीच लावावं लागलं नाही.
म्यूरियलला तीन रात्री लागल्या,
एक अख्खी पेन्सिल,
आणि चौथ्या दिवशी बापाचे डोळे सुजले.

साहेबानं फोटो पाहिला.
म्यूरियलला पाहिलं.
परत फोटो पाहिला.

पत्रात तीन नावं आली.
चौथ्याला नकारही नव्हता,
ते नुसतं नव्हतं.

ते गेले त्या दिवशी प्रेस्कॉट पहिल्यांदाच
उतारू म्हणून गाडीत बसला.
गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं,
मुलीकडे नाही, इंजिनाकडे.
धूर कसा निघतोय ते पाहत राहिला.

डोरीनचं पत्र वर्षानं आलं, पर्थहून.
म्यूरियलनं ते आमच्या बाकावर बसून वाचलं,
इंग्रजीतून आमच्या बोलीत आणत, अडखळत.
ऊन भुसावळासारखंच आहे.
केळी महाग. मिरची मिळत नाही.
इथले मूळचे काळे लोक गावाबाहेर राहतात,
खानेसुमारीत त्यांना धरत नाहीत म्हणे.
आम्हाला धरतात.
बाप लेन्स पुसत होता. त्यानं विचारलं,
"मंग त्याह्यचे फोटो कोन काढतं?"
म्यूरियलनं पत्र उलटून पाहिलं,
मागे काही लिहिलंय का म्हणून.

ती रेल्वेच्या शाळेत शिकवायला लागली.
श्रुतलेखन घेत नसे. का, ते तिनं सांगितलं नाही,
मुलं खूश होती.
दर वाढदिवसाला फोटो काढायची,
आणि मी चादर उचलली की म्हणायची,
"ते राहू दे रे, तुझे हात दुखतील."

बाप गेला. दिवे गेले. पेन्सिलीही.
परवा नात आली, मेलबर्नच्या व्हिसाचा फोटो हवा होता.
मोबाईल पोराच्या हातात,
मागे पांढरी भिंत.
चष्मा काढायचा, हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत.
पोरगा म्हणाला, "एक, दोन..."
आणि माझे हात आपोआप वर गेले,
तिच्या हनुवटीखाली, तिरके,
रिकामे.

"आजोबा," नात म्हणाली, "हात फोटोत येताहेत."