आवक, जावक, शेरा

करंजबारीच्या पाझर तलावावर
मच्छिमार संस्थेची वही मी लिहितो.
सभासद चौदा, जाळी दोन,
काटा एक. तो पन्नास ग्रॅम खातो,
हे गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे.

भादव्यात साक्रीकडून टेम्पो येतो,
हवा भरून टम्म फुगवलेल्या पिशव्या,
आत कटल्याची, रोहूची बोटुकली.
बिलावर पंचवीस हजार.
पंचवीस हजार कोण मोजतं?
चहाची एक गाळणी असते.
पहिल्या गाळणीतली मोजायची,
मग नुसत्या गाळण्या मोजायच्या.
सुपडू मात्र दुसरीही मोजायला लावतो.
तिसरीही.
एकशे बारा, चौऱ्याण्णव, सत्त्याऐंशी.
टेम्पोवाला कावतो, पिल्लं तापतात म्हणतो.
सुपडूला वाचता येत नाही,
तो माझ्या पेनाकडे बघत राहतो
आकडा पुरता वळेपर्यंत.

त्याच्या आधीची पाच गेली.
हा सहावा. सुईणीने सुपात घालून
शेजारणीच्या ओट्यावर ठेवला,
आणि ठगूबाईने पायलीभर ज्वारी मोजून
परक्याचं पोर म्हणून विकत आणला.
मरणाला असा पत्ता चुकवायचा असतो.
ठगूबाई अजून बाजारात बसते.
मासळीचे वाटे लावताना
सहावा जरा बाजूला ठेवते.
सवय असेल. मी विचारलेलं नाही.

गेल्या श्रावणात, बाजार थंड,
धुळ्याहून एकजण मोटारसायकलवर आला.
चकचकीत रीळ, रबराचा बेडूक,
श्रावण पाळत नसावा.
सांडव्याच्या डाव्या अंगाला, बाभळी बुडाल्यात तिथे,
पाण्यावर तांबूस ठिपका सरकत होता,
मिरचीपूड सांडावी तसा.
मरळीची पिल्लं. श्वासाला वर येतात,
आणि खाली बाप घिरट्या घालतो.
त्या ठिपक्यावर आमच्यात गळ टाकत नाहीत.
हे कुठे लिहिलेलं नाही.
वही माझ्याकडेच असते, मला माहीत आहे.

बेडूक बरोबर मधोमध पडला.
अशा वेळी मरळ भुकेनं धरत नाही, रागानं धरते.
अडीच किलो भरली,
म्हणजे अडीचला पन्नास कमी.
त्याने फोटो काढला, दोनदा.
पावती : एक गळ, एक दिवस, रुपये तीस.
खाली सही माझी.

सुपडू त्याला काही बोलला नाही.
ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसला,
दोन थाळ्यांनी पाणी मागे सारत
बाभळींपाशी गेला आणि थांबला.
चिलापी जमायला लागल्या होत्या.
पाणकावळा उतरला की थाळी आपटायची,
मग पुन्हा गप्प.
कळण्याची भाकरी काठावर फडक्यात तशीच,
तिला मुंग्या लागल्या.
तिन्हीसांजेला मी हाक मारली,
"अरे, घरी चल."
तिकडूनच म्हणाला,
"आते कोन राखी त्यास्ले?"

चार दिवस बसला.
दुसऱ्या दिवशी ठिपका घोंगडीएवढा पसरला,
तिसऱ्या दिवशी ताटलीएवढा उरला,
पाचव्या दिवशी नव्हता.
खाल्ली गेली की मोठी होऊन पांगली,
दोन्हीला वरून पाणी सारखंच दिसतं.

वहीत त्या चार तारखा मोकळ्या होत्या.
सुपडू भोई, आवक : निरंक.
जावक : निरंक.
शेऱ्याचा रकाना अर्ध्या इंचाचा.
तो समोर उकिडवा बसलेला,
नजर माझ्या पेनावर,
आणि वळवायला आकडा नाही.
मी बराच वेळ पेन नुसतं धरून बसलो.
मग लिहिलं : हजर.
चारही ओळींना.

मार्चमध्ये ऑडिटवाले साहेब आले.
चहा घेता घेता पानं उलटली,
त्या पानावर थांबले,
मला काही विचारलं नाही.
लाल पेनाने
तिथे एक ठिपका काढून ठेवला.