वरचे

आमचा नायना चादरींचे मोर काढायचा.
ग्राफच्या कागदावर, चौकट चौकट भरत,
तांबड्या शाईनं मोर, हिरव्यानं पान,
काठाला कारखान्याचं नाव.

त्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर अडकला.
साखर पेठेत वीज गेली, माग गप्प झाले,
आणि त्या गप्पपणात, उघड्या अंगानं बसून,
नायनानं मोराच्या जागी एक हात काढला.
मग दुसरा. तिसरा. चौथा.
मग एक शेपूट,
तीही काहीतरी धरायच्या विचारात.

"कोती का?" विडीचं तोंड दुमडत अम्मा म्हणाली.
"कोती नव्हे. वरचे."
"कुठले वरचे?"
त्यानं पेन्सिल पत्र्याकडे रोखली,
पत्र्याच्याही पलीकडे.

तिकडे म्हणे सगळं रानच.
झाडाला बुंधा असतो, हे कुणी पाहिलेलं नाही.
फांदीतून फांदी निघते, खाली हिरवं,
त्याखाली काळं हिरवं,
त्याखाली काय, हे विचारणं वाईट दिसतं.
जमीन हा शब्दच नाही त्यांच्याकडे.
म्हणून सातबारा नाही, कुंपण नाही,
चप्पल चोरीला जात नाही.
उद्याला ते पुढची फांदी म्हणतात,
आणि कालला,
मागं अजून हलतेय ती.
कुणाचा हात सुटला तर रडारड नाही.
म्हणतात, तो अजून पडतोय.
रात्री म्हातारी माणसं कान लावून ऐकतात,
फार खाली, पानांतून जाणारं
फार वर्षांपूर्वीचं कुणीतरी.

मी आठ वर्षांची. विचारलं, त्यांना गरम होतं का?
"तिथं सावलीलाही सावली आहे," नायना म्हणाला.
आमच्या गल्लीत झाड एकच, कडुनिंबाचं,
त्यात विजेची तार, दोन फाटके पतंग,
आणि बुडाशी रंगाऱ्याचं निळं पाणी.
मी त्यालाच वर पाहत राहिले.

अकराशे पत्ते ठोकले त्यानं.
मी दोऱ्यानं एकाला एक शिवत गेले.
रात्री गच्चीवर एक पत्ता डोळ्याला लावला:
जिथं भोक, तिथं चांदणी.
जिथं नाही, तिथं पान असणार.
एक भोक मात्र चुकलं होतं.
नमुना विणून आला तेव्हा
एका वरचीला पाचवा हात निघाला.
मी घाबरले. नायनानं चष्मा पुसून पाहिलं.
"पोटाशी पोर आहे तिच्या," म्हणाला.
"त्याचा हात."

गुरुसिद्धप्पा शेठनं नमुना उलगडला,
एकदा सुलट, एकदा उलट,
दोन बोटांत सूत चोळलं.
"राजमल्लू, विणकाम झकास.
पण आहेरात माकडं कोण देतंय?
नवरा-नवरी काय म्हणतील? मोर काढ."

नायनानं मोर काढला.
तोच मोर पुढं सतरा वर्षं चालला,
निळा, गुलाबी, लग्नसराईत जरीच्या रंगाचा,
गाठोड्यांतून कुठं कुठं गेला.
मोजणाऱ्यानं फक्त डझन मोजले.
पाय कुणी पाहिले नाहीत.

गिरणीचा भोंगा थांबला. मग माग भंगारात, किलोवर.
नायना सिव्हिलच्या वॉर्डात गेला, पहाटे.
डॉक्टरनं घड्याळ पाहून वेळ लिहिली.
मला काहीतरी सांगायचं होतं त्यांना,
सांगितलं नाही.
सही केली.

परवा जालन्यात, बँकेच्या कामासाठी,
स्टँडसमोरच्या लॉजवर उतरले.
उशाला चादर, विटलेली, कडेला विडीनं जळालेली.
पांघरताना हाताला काठ लागला.
दिव्याखाली धरून पाहिलं:
मोर फांदीवर बसलेला,
आणि पायाला अंगठा.
घट्ट.
फांदीभोवती चांगला वळवून घेतलेला.

दिवा घालवला.
खाली ट्रक वळत होते, कुणी चहावाल्याशी भांडत होतं.
ते सगळं निजेपर्यंत
मी कान देऊन पडून राहिले.