पानाची हजेरी

वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे एक जांभूळ आहे.
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी त्याची हजेरी घेतो.

बिनरंगाचं नेलपॉलिश लागतं, चिकटपट्टी, शिडी.
नवी पेठेतला दुकानदार पहिल्यांदा हसला होता,
आता विचारायच्या आत बाटली काढून ठेवतो,
"पानांनाच ना?" म्हणतो, जरा काळजीनं.

पानाच्या पाठीवर एक बोट ओढायचं,
वाळलं की पापुद्रा सोलायचा, काचेवर ठेवायचा.
भिंगाखाली दिसतात तोंडं, नुसते ओठ.
इराबत्ती मॅडम त्यांना पर्णरंध्रं म्हणतात.
मी वहीत मांडतो :
उघडी इतकी. मिटलेली इतकी.

सप्टेंबरात, आमच्याकडचा पाऊस
शेवटच्या एसटीनं आल्यासारखा उतरतो तेव्हा,
सकाळी सातला उघडलेली
दिवेलागणीपर्यंत मिटायचं नाव घेत नाहीत.
गड्ड्याच्या दिवसांत थंडीनं जरा उशीर,
नऊ वाजतात अंग मोकळं व्हायला,
पण भर दुपारीही कामावर.
मार्चमध्ये मधली सुट्टी लांबत जाते.
आणि मे महिन्यात, पारा चव्वेचाळीस,
साडेआठलाच सगळी दारं लावलेली.
ऊन एवढं, की वाटावं ह्याच्या घरी सणच,
आणि हा उन्हाला आत घेऊन
करायचं काय ते न कळून बसलेला.
पाणी जाईल म्हणून श्वासच घेत नाही.

तरी हिरवा.
तोच गडद, चकचकीत हिरवा.
शिवलिंगप्पा वॉचमन खुर्ची सरकवत
त्याच्या सावलीबरोबर फिरतो दिवसभर.
त्याला रंध्रांशी देणंघेणं नाही.

होटगी रोडच्या दुभाजकावरची कण्हेर
मी एकदा करून पाहिली.
पापुद्र्यावर काहीच उमटलं नाही.
तिची तोंडं खड्ड्यांत असतात, वर केसांचे पडदे.
मॅडम म्हणाल्या, सोड,
तिची हजेरी आपल्या वहीत बसत नाही.

रात्री आई विड्या वळते.
ओल्या फडक्यातून तेंदूचं पान काढते,
पत्र्याचा साचा ठेवते, कापते,
शिरेवरून अंगठा फिरवते. आयुष्यभर पानंच,
पण झाडावरचं पान तिनं हातात धरलेलं नाही.
मी सांगितलं, जांभूळ मे महिन्यात काम बंद ठेवतं.
"हिरवं आहे ना?"
हिरवं असणं वेगळं, काम वेगळं.
ती सुपातून नजर न उचलता म्हणाली,
"गिरणीला कुलूप लागल्यावर तुझा बाप
चार महिने डबा घेऊन निघायचा.
साडेसहाला. धुतलेला सदरा घालून.
कंबर तलावावर बसून जेवायचा
आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी.
मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.
डबा भरत राहिले."
मग दोऱ्याचं टोक दातानं तोडलं,
पंचविसाचा कट्टा बांधला, बाजूला टाकला.

काल दुसरा मंगळवार होता.
चारशे बारा रंध्रं मोजली, दुपारी दोनचं पान.
चारशे अकरा मिटलेली.
मॅडमनी भिंगातून पाहिलं,
म्हणाल्या, हवेचा बुडबुडा असेल, धरू नकोस.
असेलही.
मी पुन्हा पाहिलं.
मग पेनऐवजी पेन्सिल घेतली
आणि उघडीच्या रकान्यात
एक
लिहून ठेवलं.