वर केलेला हात

सरपंच म्हणाले, पूल हवा त्यांनी हात वर करा.
आकडा ऐकला. एवढी शून्यं,
आणि गेल्या वर्षी मानशीचं दार फुटलं
तेव्हा लाकडाला पैसे नव्हते.

दिवाडीहून पलीकडे फेरीबोटीला सात मिनिटं लागतात.
तेवढ्यात केरकरांच्या सुलक्षाचं लग्न जमलं,
आणि इनासने चार वर्षांचा अबोला मोडला:
स्कूटर जरा पुढे घे, म्हणाला.

पुलावर कोण कुणाला असं सांगणार?
आणि खाजनात भात राहील, की प्लॉटचे फलक?

पण त्या रात्री शेवटची बोट सुटलेली.
धक्क्यावर इनासची आई, प्लास्टिकच्या खुर्चीत.
पलीकडे अँब्युलन्सचा दिवा
पाण्यावर फिरत राहिला.

मी हात वर केला.
इनासने नाही.